वाद्य कोणी घडवून घेतलं? संशोधनात हरवलेल्या ऑर्डरबद्दल



मागच्या काही लेखांत आपण संशोधन-प्रश्न कसा बांधायचा आणि पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा कसा घ्यायचा ते पाहिलं. आज एका विषयावर आधी झालेल्या लेखनाची चिकित्सा करू. विषय आहे हाताने घडवलेलं वाद्य कारागिराला सांगून, आपल्या गरजेप्रमाणे करवून घेणं. चेलो असो, तंबोरा असो की किंगरी. इंग्रजीत याला 'कमिशन' म्हणतात, पण मराठीत कमिशन म्हटलं की दलाली आठवते. मिरजेच्या दुकानात किंवा सुताराच्या अंगणात आपण साधा शब्द वापरतो, 'ऑर्डर'. मीही तोच वापरते.

तुमचा विषय संगीत नसला तरी हा लेख सोडू नका. मुद्दा पुराव्याचा आहे. आणि सुरुवात माझ्याच प्रबंधातल्या एका फसलेल्या प्रकरणापासून करते, कारण दुसऱ्यांच्या चुका काढण्याआधी आपली सांगून टाकलेली बरी.

माझी किंगरी

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा तालुका. पलीकडे पैनगंगा आणि तेलंगणाचा आदिलाबाद भाग. इथे कोलाम आहेत, गोंड आहेत आणि परधान आहेत. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक-कथेकरी. देवांच्या आणि कुळांच्या कथा त्यांनी सांगायच्या, यजमान गोंड कुटुंबांनी त्यांना दान द्यायचं, असं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं. कथेला साथ किंगरीची. आदिलाबादकडे तिला किकरी म्हणतात. कातडं मढवलेली छोटी पेटी, तीन तारा आणि गज. म्हणजे कुळ लावायचंच तर सारंगीची आणि चेलोची लांबची नातेवाईक.

मला प्रबंधासाठी एक किंगरी मोजायची होती. तालुक्यातल्या एका परधान आजोबांकडे गेले. त्यांची स्वतःची किंगरी फार जुनी, कातडं सैल झालेलं. मोजमापाला नवी बरी, असं मीच ठरवलं आणि त्यांना नवी करून द्यायला सांगितली. पैसे ठरले. समजायला सोपं जावं म्हणून मी एका पुस्तकातलं छायाचित्र दाखवलं. ते होतं नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांच्या बान्याचं, म्हणजे इथून शेकडो किलोमीटरवरचं. म्हटलं, "दादाजी, साधारण अशी."

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "तुले अशी पायजे? बरं. अशी करून देतो."

किंगरी झाली. सुरेख झाली. मी अकरा मोजमापं घेतली, फोटो काढले आणि 'झरी जामणी परिसरातील पारंपरिक किंगरी' या नावाने चौदा पानांचं प्रकरण लिहिलं. विभागातल्या सादरीकरणात पहिल्या वर्षाच्या एका मुलीने हात वर केला. "ताई, ही किंगरी कोणासाठी केली होती?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी." आणि बोलता बोलताच थांबले.

परत झरीला गेले. दोन्ही किंगऱ्या शेजारी ठेवल्या. माझीची पेटी लांब, दांडी उंच, खुंट्यांची घडण वेगळी. मी विचारलं, "दादाजी, तुमची तर वेगळी आहे." ते म्हणाले, "वेगळीच हाय ना बाई. तू पुस्तकातली मांगतली, मी पुस्तकातली देल्ली." मग सांगितलं का नाही, असं मी विचारल्यावर हसून म्हणाले, "तू इचारलंच कुठी?"

म्हणजे मी जे झरीचं म्हणून मोजलं होतं, ते माझंच मागणं लाकडात उतरलेलं होतं. ते प्रकरण तसंच छापलं गेलं असतं तर उद्या कोणीतरी ते संदर्भ म्हणून दिलं असतं, आणि परवा झरीची किंगरी अशीच असते हे ठरून गेलं असतं. त्यात दादाजींची खरी किंगरी कुठेच उरली नसती. माझ्या मार्गदर्शकांनी दोनच पर्याय दिले: "हे प्रकरण काढून टाक. नाहीतर हेच घडलं ते प्रकरण म्हणून लिही."

मी दुसरा पर्याय घेतला. त्यासाठी वाद्य घडवण्यावरचं जुनं-नवं लेखन पुन्हा वाचलं. या वेळी एकच प्रश्न घेऊन: यात ऑर्डर कुठे दिसते? खाली त्याचंच उत्तर आहे.

भौतिकशास्त्राने काय पाहिलं

तंबोऱ्यावरच्या शास्त्रीय लेखनात सी. व्ही. रामन यांचा १९२१ चा भारतीय तंतुवाद्यांवरचा निबंध वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. छोटा आहे. त्यांनी दाखवलं की तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट धारेचा नसून किंचित गोलाईचा असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये घातलेल्या दोऱ्यामुळे तारेचा घोडीशी होणारा स्पर्श सारखा बदलत राहतो. म्हणून तारेला जिथे छेडलं तिथे ज्या उपस्वरांनी नियमाप्रमाणे गप्प बसायला हवं, तेही ऐकू येतात. आपण ज्याला जवारी म्हणतो तिचं हे भौतिक रूप.

याच रामन यांनी १९१६ मध्ये चेलो-व्हायोलिनच्या 'लांडगा-स्वरा'वरही लिहिलं. चेलोत एखाद्या स्वरावर तारेची आणि पेटीची कंपनं एकमेकांशी झटापट करतात, सूर स्थिर राहत नाही, गुरगुरतो. चेलो घडवून घेणारा प्रत्येक वादक कारागिराशी या लांडग्याबद्दल बोलतोच. तो नाहीसा करण्याचं वचन कोणी शहाणा कारागीर देत नाही. फार तर दोन स्वरांच्या मधल्या जागेत ढकलायचा प्रयत्न करतो.

आता चिकित्सा. रामन यांच्या निबंधात घोडीची गोलाई आहे, दोरा आहे, पण गोलाई किती घासायची हे कोण ठरवतो ते नाही. जवारी कानसेने लावणारा माणूस गायकाला विचारतो, "उघडी हवी की बंद?" एकाला झणझणीत हवी असते, दुसऱ्याला गोल, दबलेली. एकाच घोडीवर दोन वेगवेगळ्या तंबोऱ्यांइतका फरक पडू शकतो. म्हणजे ज्या गोष्टीचं मोजमाप होतंय, ती आधीच कोणाच्या तरी कानाने मागितलेली आहे.

हा रामन यांचा दोष नाही. त्यांचा प्रश्न 'हा आवाज कसा निघतो' हा होता आणि त्याचं उत्तर त्यांनी चोख दिलं. दोष आपला, जेव्हा आपण त्यांचा आधार घेऊन 'तंबोऱ्याचा आवाज असा असतो' असं सरसकट लिहितो. कोणाचा तंबोरा? कोणासाठी लावलेला?

आंधळ्या चाचण्या आणि त्यांची मर्यादा

दुसरं गाजलेलं काम क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांचं. २०१० मध्ये इंडियानापोलिसला एका हॉटेलच्या खोलीत २१ व्हायोलिनवादकांना अंधुक चष्मे घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन जुनी इटालियन, त्यांत दोन स्ट्रादिवारीची, आणि तीन नवी. घरी कोणतं न्याल, असं विचारल्यावर २१ पैकी फक्त आठ जणांनी जुनं निवडलं. २०१४ मध्ये छापलेल्या पुढच्या अभ्यासात दहा नामांकित एकलवादक होते. त्यांतल्या सहांनी नवं निवडलं.

प्रयोगाची रचना शिकण्यासारखी आहे, पद्धतीच्या तासाला जरूर घ्या. जुनं म्हणजे आपोआप थोर, या समजुतीला त्याने चांगला धक्का दिला. पण वर्तमानपत्री मथळ्यांनी 'नवं वाद्य जुन्यापेक्षा सरस' असा जो निष्कर्ष काढला, तो या प्रयोगातून निघत नाही. इथे वादक तयार वाद्यांतून निवड करतोय. नवं वाद्य करवून घेणारा वादक मात्र निवड करत नाही. तो कारागिराशी महिनोन्‌महिने बोलतो, मधे जाऊन लाकूड पाहतो, वाद्य हातात आल्यावर पुन्हा घेऊन जातो, घोडी बदलून घेतो, तारा बदलून पाहतो. तयार कपड्यांच्या दुकानात कोणता सदरा आवडला हे विचारून शिंप्याकडे माप देणाऱ्याबद्दल काही कळत नाही.

आणखी एक. ज्यांना आपण जुनी वाद्यं म्हणतो, तीही मूळ अवस्थेत नाहीत. बहुतेक स्ट्रादिवारी वाद्यांच्या मानेचा कोन आणि आतली पट्टी पुढच्या शतकांत बदलली गेली, तारांचा ताण वाढला. दर वेळी कोणीतरी वादक किंवा मालक म्हणाला असणार, मला मोठा आवाज हवा. म्हणजे 'जुनं वाद्य' हेच अनेक ऑर्डरींचा थर आहे.

मिरज: गोष्ट एकच, पुन्हा पुन्हा

आता आपल्याकडे येऊ. तंतुवाद्यं घडवण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत नावाजलेलं गाव मिरज. २०२४ मध्ये 'मिरज सितार' आणि 'मिरज तानपुरा' यांना स्वतंत्र भौगोलिक मानांकनं मिळाली. कारागिरांसाठी ही चांगलीच गोष्ट.

मिरजेवरचे शोधनिबंध मात्र सलग वाचून पाहा. जवळपास प्रत्येकाची सुरुवात सारखी: हत्यारांना धार लावणारे शिकलगार, संस्थानी काळात शस्त्रांची मागणी घटली, साधारण १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले, मग घराणं सतारमेकर झालं. गोष्ट सुंदर आहे, घराण्यांच्या स्मरणातली आहे, खोटी म्हणण्याचं कारण नाही. पण मी वाचलेल्या बहुतेक निबंधांत ती एकमेकांवरून उतरवलेली आहे. ती सांगताना कोणी थांबून विचारत नाही, की पहिला तंबोरा मागितला कोणी? पटवर्धनांच्या संस्थानात गाणं-बजावणं होतं, पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, १९३७ मध्ये वारल्यावर तिथेच दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं. असे कान गावात असताना कारागिराचा हात तसाच राहिला असेल का?

खरं तर मिरजेच्या वाद्यात ऑर्डर उघड दिसते. तंबोरा मागायला गेलात की सहसा पहिला प्रश्न असतो, "पट्टी कोणती?" काळी एक म्हटलं की एक माप, काळी चार म्हटलं की दुसरं. मर्दानी आणि जनानी तंबोरा हा फरक गळ्यातून आला, सुतारीतून नाही. दांडीची लांबी, तारेची जाडी, जवारीची मोकळीक सगळं त्या एका उत्तरावरून हलतं.

आणि जिथे ऑर्डर चालत नाही, तिथलीही गंमत पाहा. भोपळे येतात पंढरपूर-सोलापूरकडच्या शेतांतून. भोपळा ऑर्डरप्रमाणे उगवत नाही. वेलीला जसा धरला तसा. कारागीर रचून ठेवलेल्या ढिगातून तुमच्या पट्टीला शोभेल असा निवडतो, आणि तुमच्या मनातल्या वाद्याला तिथे थोडी मुरड पडते. तुमचं मागणं, शेतकऱ्याचं पीक आणि कारागिराचा अंदाज यांची तडजोड म्हणजे तो तंबोरा.

मानांकनाच्या कागदाला मात्र गाव आणि गुण यांचा संबंध सिद्ध करायचा असतो. त्यात गिऱ्हाइकाला जागा नाही. ती कायद्याची गरज आहे, ठीक. पण संशोधकाने तोच आराखडा उचलला तर तो अर्जच पुन्हा लिहितो, संशोधन करत नाही.

ऑर्डरचा कागद हाती लागतो तेव्हा

ऑर्डर शोधायची म्हणजे नेमकं काय, हे पाहायला चेलोचा इतिहास उपयोगी पडतो, कारण तिथे काही कागद टिकले आहेत.

१६९० मध्ये मार्क्विस आरिबेर्ती याने फ्लॉरेन्सच्या राजपुत्र फेर्दिनांदो दे मेदिची याला भेट देण्यासाठी स्ट्रादिवारीकडून वाद्यं करवून घेतली. त्याच वर्षी त्याने स्ट्रादिवारीला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. राजपुत्राच्या दरबारी वादकांना वाद्यं, त्यातही चेलो, फार आवडला असं तो कळवतो, आणि संच पुरा करण्यासाठी आणखी दोन व्हायोला मागतो. त्या वाद्यांचे स्ट्रादिवारीचे आराखडे क्रेमोनाच्या संग्रहालयात आहेत आणि त्यातला चेलो फ्लॉरेन्समध्ये. म्हणजे मागणी, आराखडा आणि वस्तू ही तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात. अशी संधी क्वचित मिळते.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. स्ट्रादिवारीचे सुरुवातीचे चेलो मोठे, पेटी ७९-८० सेंटिमीटरच्या आसपास. १७०१ चा 'सर्वे' चेलो तसा मोठाच राहिला, तो आज अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेत आहे. १७०७ च्या सुमारास स्ट्रादिवारीने साचा बदलला, पेटी ७५-७६ सेंटिमीटरवर आणली. पूर्वी हे कारागिराच्या प्रतिभेची झेप म्हणून सांगितलं जायचं. पण त्याआधीच आतड्याच्या तारेवर धातूची तार गुंडाळण्याची युक्ती आली होती. त्यामुळे खर्जासाठी लांबच लांब तार लागेनाशी झाली. आणि वादकांना नुसती साथ नको होती, भराभर एकल वाजवायचं होतं. तार करणारा, वादक आणि कारागीर या तिघांनी मिळून चेलो लहान केला. नंतर तर जुने मोठे चेलो कापून लहान केले गेले. संग्रहालयात असा कापलेला चेलो पाहून कोणी 'सतराव्या शतकातलं माप' लिहून घेतलं, तर त्याची चूक माझ्या किंगरीच्या जातीचीच.

आजचं उदाहरण सास्किया राव-दे हास यांच्या भारतीय चेलोचं. त्या मूळच्या नेदरलँड्सच्या. हिंदुस्थानी संगीत त्या ज्यांच्याकडे शिकल्या, त्यांत मुंबईचे व्हायोलिनवादक पं. डी. के. दातारही होते. त्यांच्यासाठी एदुआर्द फान टोंगेरेन या डच कारागिराने जो चेलो केला तो नेहमीपेक्षा लहान, जमिनीवर बसून वाजवण्याजोगा, पाच मुख्य तारा आणि दहा तरफांचा. यातली प्रत्येक गोष्ट एकेक मागणी आहे: खुर्ची नको, पल्ला हवा, गुंजन हवं. अशा वाद्यांवरच्या लेखनात कलाकाराचा 'शोध' म्हणून परिच्छेद भरतो आणि कारागीर एका वाक्यात आटोपतो. मिरजेच्या लेखनात कारागीर दिसतो आणि मागणारा हरवतो, इथे नेमकं उलटं. दोन्हीकडे हरवतं ते मधलं बोलणं.

देवल-क्लेमंट्सची पेटी

आता मला सर्वांत जास्त शिकवून गेलेलं उदाहरण. इथे ऑर्डर देणारा वादक नाही, संशोधक आहे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. प्रत्येक श्रुतीचं गणिती प्रमाण त्यांनी मांडलं आणि त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली. त्यांना साथ मिळाली ई. क्लेमंट्स या आयसीएस न्यायाधीशांची. त्यांचं पुस्तक १९१३ चं. या प्रमाणांप्रमाणे सूर देणारी खास हार्मोनियम लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून बनवून घेतली गेली. नेहमीच्या बारा सुरांच्या पेटीत श्रुती बसत नाहीत, म्हणून श्रुतींची पेटी.

१९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही पेटी मांडली गेली आणि वाद पेटला. जमलेल्या गायक-पंडितांना ती पटली नाही.

चिकित्सक म्हणून पहिला आक्षेप सहज सुचतो: हे वर्तुळ आहे. आधी गणित ठरवलं, गणिताप्रमाणे वाद्य घडवलं आणि मग वाद्याकडे बोट दाखवून म्हटलं, पाहा, गणित खरं आहे. माझ्या किंगरीचंही तेच झालं होतं. मीही असाच लेख लिहून देवलांना दोन फटके देणार होते.

पण दुसऱ्यांदा वाचताना थांबले. देवल आणि क्लेमंट्स यांनी आपली ऑर्डर लपवली नव्हती. कोणता सूर कोणत्या प्रमाणात हवा हे छापलेलं होतं. म्हणून तर बडोद्यात कोणालाही उठून म्हणता आलं, की हे आमच्या गाण्याशी जुळत नाही. शंभरहून जास्त वर्षांनी आपल्यालाही ते तपासता येतं. त्यांचा निष्कर्ष टिकला नाही, पण त्यांची नोंद टिकली. माझ्या प्रकरणात निष्कर्ष नीटनेटका होता आणि नोंदच नव्हती. मी फोटो दाखवला ही गोष्ट चौदा पानांत कुठेच लिहिलेली नव्हती. ती पहिल्या वर्षाच्या मुलीने विचारली नसती तर कधीच कळली नसती.

मग यांतलं चांगलं संशोधन कोणतं? मला वाटतं, उत्तर तुम्हालाही दिसतंय.

हरकती

एक हरकत रास्त आहे. मागणाऱ्याला फार महत्त्व दिलं तर इतिहास पुन्हा राजे, सरदार आणि उस्तादांचाच होतो, कारण त्यांचीच पत्रं टिकतात. शिकलगाराने पत्र लिहिलं नाही, दादाजींनीही नाही. म्हणून ऑर्डर शोधताना नकारही शोधा. कारागीर कशाला 'होत नाही' म्हणाला, काय न सांगता बदललं, कुठे गिऱ्हाइकाला फिरवून आणलं. माझ्या फोटोकडे दादाजींनी जो बराच वेळ पाहिलं, ते पाहणंही नोंदवण्यासारखं होतं. मी ते होकार समजून पुढे गेले.

दुसरी हरकत: प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी मागण्यावरूनच होते, मग प्रत्येक ठिकाणी हेच उगाळायचं का? नाही. तारेची कंपनसंख्या मोजताना मालकाचं नाव लागत नाही. पण तुम्ही 'पारंपरिक', 'अस्सल', 'या भागातलं' असे शब्द वापरणार असाल, तर ते शब्द कोणाच्या मागणीवर उभे आहेत ते सांगावंच लागेल.

तुमच्या कामासाठी

संगीताबाहेरही हेच लागू होतं. तुमची प्रश्नावली ही ऑर्डर आहे. "तुमची पारंपरिक औषधं सांगा" म्हटलं की लोक पारंपरिक वाटतील अशीच सांगतात. मुलाखतीआधी दाखवलेला नमुना, गावात तुम्हाला घेऊन गेलेली संस्था, ज्या योजनेतून सर्वेक्षणाचे पैसे आले ती योजना, ही सगळी मागणीची रूपं. म्हणून मी आता क्षेत्रकार्याच्या वहीत चार गोष्टी पहिल्याच पानावर लिहिते:

१. ही वस्तू किंवा माहिती कोणी, कोणत्या शब्दांत मागितली? मी मागितली असेल तर माझं वाक्य जसंच्या तसं.

२. मागताना काय दाखवलं? फोटो, नमुना, आधीचं पुस्तक.

३. समोरच्याने काय बदललं, काय नाकारलं, कुठे गप्प राहिला?

४. मी मागितलं नसतं तर हे असं असतं का? दुसरं, न मागता झालेलं उदाहरण शेजारी ठेवता येतं का?

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आणि बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त. माझ्या बाबतीत ते दुसरं उदाहरण खुंटीला टांगलेलं होतं. सैल कातड्याची जुनी किंगरी, जी मी 'मोजमापाला बरी नाही' म्हणून बाजूला ठेवली.

शेवटी ती मोजली. कातडं सैल असल्याने मापं थोडी डळमळीत आली, ते तसंच लिहिलं. शेजारी माझ्या ऑर्डरच्या किंगरीची मापं दिली, दोन्हीखाली कोणासाठी केली ते लिहिलं. प्रकरण चौदा पानांचं बावीस झालं आणि निष्कर्ष पूर्वीपेक्षा लहान झाला.

नवी किंगरी मी दादाजींकडेच ठेवून आले. मागच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी तिची दांडी कापून आखूड केलेली होती. या वेळी मी विचारलं, का म्हणून. म्हणाले, "आता मले वाजवाची हाय ना."

तारीख टाकून तेही वहीत लिहून घेतलं.